हॉल म्हणजे मोठी खोली

पौष लागला की आमच्या गल्लीत दोन गोष्टी हटकून येतात. एक म्हणजे गावाकडचा नवा तांदूळ, आणि दुसरी म्हणजे फ्लॅट विकणाऱ्यांची पत्रकं. तांदळाचा वास पिशवीचं तोंड सोडलं की येतो, पत्रकाला नुसता शाईचा येतो. पत्रकात घराचा नकाशा असतो आणि त्यातल्या सगळ्यांत मोठ्या चौकोनावर ‘हॉल’ असं छापलेलं असतं. चौकोनात एक सोफा काढलेला असतो, सोफ्यापुढे टीपॉय असतो, आणि माणूस एकही नसतो. नकाशा काढणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटतं.

परवा सुनेनं विचारलं, “बाबा, तुमच्या वेळी हॉलला काय म्हणायचे?”

हॉलच म्हणायचे, मी म्हटलं. गावात तो एकच होता.

तिला वाटलं मी गंमत करतोय. घरात माझी ख्याती तशी आहे. मग ती पत्रक घेऊन आत गेली आणि मी तांदळाच्या पिशवीपाशी बसून राहिलो. हा चिन्नोर तांदूळ माझी धाकटी बहीण यमुना दर वर्षी घेऊन येते. त्याच्या वासात आमच्या मूल तालुक्याकडचं सगळं असतं: कापलेल्या धानाची खुंटं, मळणीच्या खळ्यावरची धूळ, सकाळी तलावावरून उठणारी वाफ. आणि अलीकडे माझ्या नाकाला त्यात ओल्या चुन्याचाही वास येतो. तो तांदळात नसतो, हे मला माहीत आहे.

आमच्या घरातल्या जागांना कामाची नावं होती. समोर सपरी. म्हणजे उतरत्या कवेलूंखालची, कौलांखालची, बसायची जागा. तिथे जाळी विणली जायची, पाहुणा टेकायचा, म्हातारं माणूस उन्हाला पडायचं. मागे रांधायची खोली, तिथे रांधायचे. एका अंगाला धानाची ढोली, तिच्यात धान. नाव ऐकलं की आत काय चालतं ते कळायचं. आम्ही ढिवर माणसं, तलावातले मासे आणि तलावाखालचं थोडं धान यांवर जगणारी. नावात काम नसेल तर त्या नावाचं करायचं काय, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

मी सांगतोय तो हिवाळा पन्नासच्या दशकातला. आम्ही तेव्हा मध्य प्रदेशात होतो आणि चंद्रपूर हे चांदा होतं. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. तलाव आता मालगुजाराचा नाही, सरकारचा आहे, असं सांगायला एक शिपाई येऊन गेला होता. तलावावर त्याचा काही परिणाम दिसला नाही. बगळे होते तिथेच उभे होते.

तलावाची एक रीत होती आणि ती मालगुजाराच्याही आधीची असावी. धान निघालं की दर घरातून एक माणूस पाळीवर यायचं. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. पावसानं खचलेली जागा पाहायची, खालून माती खणायची, रांगेत उभं राहून टोपली हातोहात वर द्यायची. ज्याच्या हाताची माती पाळीला लागली त्याचा पाण्यात वाटा आणि मासळीत वाटा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. कोणी आजारी असलं तर शेजारी त्याच्या नावानं माती टाकायचा आणि ओरडून सांगायचा, ही अमक्याची. सगळे मान डोलवायचे. एवढ्यावर गाव पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाटून घेत होतं.

त्या वर्षी पाळीवर जायच्या ऐन वेळी दौलतकाका नागपूरहून परत आले.

दौलतकाका म्हणजे माझ्या वडिलांचे लहानपणापासूनचे सोबती. जात वेगळी, जमीन आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त, पण दोघे तलावावर एकाच डोंग्यात, लाकडाच्या होडीत, बसून मोठे झालेले. बाबा त्यांना दौलत्या म्हणत आणि ते बाबांना गोविंदा. मालगुजारी गेल्यावर दौलतकाका सरपंच झाले, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं बाबाच हसले होते. आनंदानंच हसले होते, हे सांगितलेलं बरं. नागपूरला कसलंसं ग्रामविकासाचं संमेलन होतं, तिथे काका दोन दिवस खुर्चीवर बसून आले. परतल्यावर आमच्या सपरीत बसून त्यांनी वर्णन केलं: एवढी मोठी जागा, मधे खांब नाही, वर पंखा, आणि बोललेलं भिंतीवरून परत ऐकू येतं. बाबांना शेवटची गोष्ट खरी वाटेना. पुढाऱ्यांना हॉल का आवडतो हे मला फार वर्षांनी समजलं. मैदानात बोललेलं परत येत नाही.

“आपल्या गावाले हॉल पाह्यजे,” काका म्हणाले. “पाळीचं काम यंदा राहू द्या. ती कुठी पळून नाई चालली. तेच हात हॉलले लावू.”

मी तेव्हा मॅट्रिक नापास होऊन घरी होतो. गणितात गेलो होतो, इंग्रजीत नाही. त्यामुळे त्या शब्दाचा गावातला एकमेव अधिकारी मी. शाळेच्या पेटीतून कोश आणला. त्यात हॉल म्हणजे मोठी खोली, दिवाणखाना, सभागृह असं दिलं होतं. शेजारच्या सरजाआजीनं माझी तोंडी परीक्षाच घेतली.

“त्यात चूल राहन का गा?”

नाही, मी म्हटलं.

“धान ठेवाचं का?”

तेही नाही.

“मंग कोन राहन त्यात?”

“कोणीच नाही, आजी.”

“मंग तं ते भुताचं घर झालं,” आजी म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली. त्या शब्दाची इतकी नेमकी व्याख्या मी पुढे कुठल्याही कोशात वाचली नाही.

पण गाव कामाला लागलं. त्या हिवाळ्यातल्या सकाळी मला अजून तुकड्यातुकड्यांनी दिसतात. धुक्यात आधी फावड्याचा आवाज यायचा, मग माणूस दिसायचा. बायका डोक्यावरून पाणी आणायच्या आणि चिखल तुडवणाऱ्या पोरांच्या पायांवर मुद्दाम ओतायच्या, थंडीनं ती किंचाळली की हसायच्या. चुन्याची भट्टी गावाबाहेर धुमसायची. कामाची रांग अगदी पाळीवरच्यासारखीच. टोपली हातोहात जायची, आणि आजाऱ्याच्या नावानं विटा ठेवून लोक ओरडायचे, ही अमक्याची. ते ऐकून दौलतकाका हसायचे. आम्हाला वाटायचं, कौतुकानं.

भिंती वर आल्या तसा प्रश्न मयालीचा आला. मयाल म्हणजे छपराचा कणा, आडवं मोठं लाकूड. एवढ्या रुंदीला पुरेल असं सागवान गावात एकच होतं आणि ते आमच्या अंगणात पडलं होतं. बाबांनी धानोऱ्याकडच्या जंगलातून, रीतसर परवाना काढून, दोन बैलजोड्या लावून ते आणलं होतं. आमच्या घराची मयाल वाळवीनं खाल्ली होती. पुढच्या उन्हाळ्यात नवी चढवायची, असं ठरलं होतं. आईनं त्या ओंडक्यावर कधी कपडे वाळत घालू दिले नाहीत, इतका तो आमचा होता. दौलतकाका एक दिवस येऊन त्यावर नुसते बसले. काही मागितलं नाही. जुन्या सोबत्याला मागावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी ओंडका हॉलवर गेला.

ज्या दिवशी तो चढला त्या दिवशी बाबा खाली उभे राहून मान वर करून किती तरी वेळ पाहत होते. मग सगळे गेल्यावर त्यांनी आत एक हाक मारली. स्वतःच्याच नावाची. ती परत आली. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मला आवडला नाही. एखाद्या माणसाला फेटा बांधल्यावर तो जसा वेगळाच चालायला लागतो, तसं काहीतरी होतं ते.

त्याच आठवड्यात यमुनेला पाहायला मूलहून माणसं आली. मुलगा भातगिरणीत कामाला होता, घर चांगलं होतं. देण्याघेण्याचं बोलणं लवकर आटपलं, कारण दोन्हीकडे फारसं काही नव्हतं. सुपारी फुटायच्या आधी बाबा सपरीत ताठ बसले आणि म्हणाले, “लगन हॉलमंदी करून देईन.” मुलाच्या बापानं चांद्याला हॉल पाहिला होता. तो दोनदा म्हणाला, हॉलमंदी? बाबा म्हणाले, हॉलमंदी. माजघराच्या दाराआड यमुना उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या. मी समजलो, आनंदानं वाजल्या. बाबा क्षणभर आत जाऊन आले, आणि सुपारी फुटली.

आता त्या शब्दाचा उपयोग गावात कसा होत होता ते सांगतो, कारण कोशात अर्थ असतो, उपयोग नसतो. ‘हॉलवर जाऊन येतो’ म्हणजे कामाला जातो. ‘हॉल झाला की पाहू’ म्हणजे आत्ता नाही. भांडणात ‘तुले हॉलमंदी पाय ठेवू देनार नाई’ असं बायका एकमेकींना म्हणू लागल्या. दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं नाटक, करणारी पोरं यंदाची दंडार हॉलमध्ये म्हणून गावभर सांगत फिरली. यमुनेच्या मैत्रिणी तिला राणी म्हणायला लागल्या. म्हणजे हॉल व्हायच्या आधीच सगळे त्यात राहायला गेले होते.

माघात तो पुरा झाला. पांढरा चुना, हिरवं दार, खिडक्यांना गज, आणि दाराला पितळी कुलूप. कुलूप पाहून कोणाला काही वाटलं नाही. नव्या वस्तूला असतं तसं तेही असेल, असं वाटलं. किल्ली दौलतकाकांकडे. उद्घाटनाला एक मोठे साहेब यायचे होते. आंब्याच्या पानांची कमान उभी राहिली, शाळेची पोरं स्वागताचं गाणं घोकून उन्हात उभी राहिली, साहेब आले नाहीत. पानं वाळली, ती काढून नवी बांधली, पोरं पुन्हा उभी राहिली. तिसऱ्या खेपेला पोरं स्वतःहूनच मधल्या सुट्टीत कमानीखाली जाऊन गाणं म्हणून यायची आणि एकमेकांच्या गळ्यात बेशरमाच्या झुडपाच्या फुलांचे हार घालायची. माझ्या मते ते उद्घाटन कायदेशीर होतं.

लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा बाबा मला घेऊन दौलतकाकांकडे किल्ली मागायला गेले. मागायला म्हणजे आणायला. मागावी लागेल असं त्यांच्या मनातही नव्हतं.

काका सपरीत खुर्चीवर होते. ही खुर्ची नवीन. आजवर दोघे एकाच घोंगडीवर बसत आले होते. घोंगडी होती, पण ती आता खाली होती. बाबा तिच्यावर बसले आणि म्हणाले, झाडझूड करून घ्याची हाय, किल्ली दे.

“उद्घाटन झाल्याबिगर कसं जमन, गोविंदा?”

बाबांना वाटलं चेष्टा चाललीय. ते हसून म्हणाले, साहेब येवो का न येवो, आपली पोरगी तं आली हाय ना लग्नाले.

“तसं नोहे. हॉल हाय तो, मांडव नोहे. एवढे माणसं येतीन, चुली मांडतीन. भिंतीले हळद लागन.”

बाबांनी घोंगडीची दशी सरळ केली. मग म्हणाले, “मयाल माही हाय, दौलत्या.”

“मयाल तुही असन. हॉल सरकारचा हाय.”

काका हे वाईट तोंडानं बोलले नाहीत. अगदी समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. आतून चहा आला. बाबांनी तो प्यायला. नाही म्हणणं त्यांना सुचलंही नसावं. चहा पिणारा माणूस इतका एकटा मी नंतर पाहिलेला नाही.

परतताना बाबा हॉलपाशी थांबले. दारापाशी गेले नाहीत, बाजूच्या खिडकीपाशी गेले. झडपा लोटलेल्या होत्या, पण फटीतून वास येत होता. नव्या धानाचा. बाबांनी फटीला डोळा लावला, मग बाजूला होऊन मला जागा दिली. आत मयालीखाली पोत्यांची थप्पी होती, पार मधोमध, खांब नसल्यामुळे नीट लावलेली. दौलतकाकांचं धान त्या वर्षी भरपूर पिकलं होतं. म्हणजे साहेबांची वाट फक्त आम्ही पाहत होतो.

मी तिथेच आरडाओरडा करायला निघालो होतो. बाबांनी दंडाला धरलं. “राहू दे. आपन तलाव समजलो गा,” ते म्हणाले. “तलावाले दार नसते.”

तेवढंच. पण मला वाटतं, त्या गावानं केलेल्या चुकीचं यापेक्षा नीट वर्णन होणार नाही. ज्याच्या हाताची माती त्याचा वाटा, हा हिशेब उघड्या जागेचा आहे. चार भिंती उभारल्या की तो हिशेब आत जात नाही, बाहेर चपलांपाशी राहतो. ही चूक करायला पिढ्यान्‌पिढ्या तलावाकाठी राहावं लागतं. शहाण्या गावातली माणसं आधी विचारतात, किल्ली कोणाकडे?

लग्न आमच्या अंगणात झालं. जांभळीच्या डहाळ्या तोडून आणून एका दिवसात मांडव घातला. ओंडका गेल्यामुळे अंगण मोठं झालं होतं, तेवढी सोय झाली. वरात बैलगाड्यांनी आली ती हॉलवरूनच. मुलाच्या बापानं खाली उतरताच विचारलं, हॉल तो का? बाबा म्हणाले, तोच. मग चला ना तिकडं. बाबा म्हणाले, किल्ली नाई. मागच्या गाडीतून एक बाई मोठ्यानं म्हणाली, ढिवराचा हॉल बाई, पान्यात बांधला असन. सगळी वरात हसली. आमच्याकडचेही काही हसले, कारण विनोद चांगला होता.

अक्षता पडल्या, पंगत बसली. आणि दौलतकाका आले. धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं, चेहऱ्यावर घरच्या कार्याचं हसू. येऊन पंगतीत बसले. मला वाटलं बाबा आत निघून जातील. बाबांनी मामाच्या हातातलं भाताचं टोपलं घेतलं आणि स्वतः वाढायला निघाले. इतरांना पळीभर वाढत ते दौलतकाकांपाशी आले आणि तिथेच थांबले. भात वाढला. वरण. पुन्हा भात. काकांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

“घ्या दौलतभाऊ,” बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्यांना दौलतभाऊ म्हटलं, अहोजाहो केलं. “पोटभर घ्या. इथी कुलूप नाई.”

पंगतीतली माणसं खाली मान घालून जेवू लागली. आता काका उठतील, असं मला वाटलं. उठले नाहीत. त्यांनी हात बाजूला घेतला, वाढलेलं सगळं संपवलं, ताक मागून प्यायले, आणि यमुनेच्या डोक्यावर हात ठेवून गेले. एखाद्याला लाजवायचं असेल तर त्याच्याकडे थोडी लाज असावी लागते, हे शिक्षण मला त्या पंगतीत मिळालं.

साहेब शेवटी उन्हाळ्यात आले. आदल्या दिवशी पोती निघाली, नंतर परत गेली. फीत कापली, भाषण झालं. बाबा त्या दिवशी डोंगा घेऊन तलावाच्या मध्यावर जाऊन बसले होते. पाण्यावरून आवाज लांब जातो. “हा हॉल तुमचाच आहे,” हे साहेबांचं वाक्य त्यांनी तिथे ऐकलंच असणार. टाळ्याही ऐकल्या असतील. आमच्या घरावर बांबूची मयाल चढली. ती दर पावसाळ्यात थोडी वाकायची, आणि आई तिच्याकडे न पाहता तिच्याखालून ये-जा करायची. बाबा हॉलमध्ये कधी गेले नाहीत. दौलतकाकांना मरेपर्यंत दौलतभाऊच म्हणाले. ऐकणाऱ्याला तो मान वाटायचा.

यमुनेला सासरी ‘हॉलवाली’ हे नाव पडलं ते कायमचं. भाजी खारट झाली, हॉलवाली. पाणी सांडलं, हॉलवाली. सासू गेली तर जावांनी चालू ठेवलं. पुढे जावांची पोरं तिला प्रेमानं हॉलकाकू म्हणू लागली. त्यांना ते नाव कुठून आलं हे माहीतही नव्हतं.

मी ही गोष्ट आयुष्यभर दौलतकाकांची म्हणून सांगत आलो. गावात, कचेरीत, मित्रांत. त्यात एक फसवणारा होता, एक फसलेला होता, आणि कोण कोणत्या बाजूला हे स्वच्छ होतं. परवा तांदूळ निवडत बसलेल्या यमुनेला मी तीच पुन्हा सांगायला लागलो. सून बाजूला होती, म्हणून जरा रंगवूनही सांगत होतो. दौलतकाकांच्या नावानं दोन कडक शब्द वापरले आणि यमुनेकडे पाहिलं, तिनंही एखादा वापरावा म्हणून.

यमुनेनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

“दौलतकाकाचा राग मले कधीच नाई आला,” ती म्हणाली. “त्यानं कुलूप लावलं. हॉल कबूल केला तो बाबानं.”

मी म्हटलं, अगं, बाबांना काय माहीत, त्यांना तर दगा झाला.

“मी सांगतलं होतं त्याले. सुपारी फुटाच्या आधी आतून बोलावलं, म्हटलं, बाबा, हॉलचं नको बोलू, जांभळीचा मांडव मले पुरते. तं म्हने, तुले नाई समजत, चूप बस.” तिनं सूप एकदा पाखडलं. “भोगलं कोनं? त्यो डोंग्यात जाऊन बसला. मी कुठी जाऊन बसू?”

सून माझ्याकडे पाहत होती. दाराआडच्या बांगड्या कशानं वाजल्या होत्या ते मला आत्ता कळत होतं.

“एवढं शिकलास,” यमुना म्हणाली, “एवढ्या वर्साचा सांगून राह्यला सगळ्याइले. तूच सांग आता. लगन कोनाचं होतं गा भाऊ? माहं, का हॉलचं?”